स्पीकर मीच निवडणार

३ सप्टेंबर १९९९, शुक्रवार

आज फॅक्टरीला सुट्टी. घरात कॉम्प्युटर आल्याला तीन-चार दिवस झाले. लेक विशाखा कोर्स करते, तिच्यासाठी घेतला. तिच्या आईने, इंदूने, त्याला रुमालाचं झाकण शिवलं. सगळं छान, फक्त असेंबल करणाऱ्याने फुकट दिलेले स्पीकर म्हणजे साबणाच्या डब्या. गाणं लावलं तर वाटतं, गाणारा गोधडीत शिरून गातोय.

ठरवलं. चांगले स्पीकर आणायचे, बजेटात बसणारे, आणि निवडणार मी. अंबरनाथच्या फॅक्टरीत कंप्रेसर हाऊसमध्ये अख्खी नोकरी काढली. नुसत्या आवाजावरून मशीनचं दुखणं सांगतो. तरुणपणी गायनपार्टीत पेटी वाजवायचो. एवढा तयार कान आमच्या मांजर्लीत दुसऱ्या कोणाचा असेल असं वाटत नाही.

कंपनी कानात घालायला रबरी बोंडं देते. माझा जोडीदार सुदाम घालतो. मी कधीच नाही. डॉक्टर हातमोजे घालून नाडी बघतो का?

संकल्प : धम्मचक्र दिनाच्या आत घरात भीमगीतं नीट वाजली पाहिजेत.

६ सप्टेंबर

शिफ्ट सुटल्यावर उल्हासनगर. कॅम्प एकमध्ये परसू सेठचं दुकान. सिंधी माणूस, तोंडात मिश्री. "भाऊ, एक नंबर चीज आहे," म्हणाला. खोक्यावर वॉटचा आकडा एवढा मोठा की आमच्या कंप्रेसरलाही लाज वाटावी. घेतले.

घरी लावले. ढोलकी ठीक. झांज गायब! विशाखा म्हणते झांज वाजतेय, चांगली खणखणीत. हल्लीच्या पोरांचे कान बिघडलेत. परत करणार.

९ सप्टेंबर

दारावरची बेल बंद पडली. विशाखा क्लासवरून येऊन बराच वेळ बाहेर उभी होती. मी आत खुर्चीतच बसलेलो. बेलची बॅटरी बदलली. विशाखा म्हणाली बेल चालू होती, तिने शेजारच्यांनाही विचारलं म्हणे. ती दमली होती. वाद घातला नाही.

दुसरी गोष्ट. यंदा संध्याकाळी बेडूक नाहीत, रातकिडे नाहीत. नदीजवळ राहून ही शांतता. पाण्यात केमिकल सोडतात, सगळं मेलं असणार. वाईट वाटलं. पण झोप चांगली लागते.

१० सप्टेंबर, शुक्रवार

सेठने कुरकुर न करता दुसरा सेट दिला. लाकडी बॉडी. विशाखाने गाड्यांच्या रेसचा गेम लावला. इंजिन घुमतं ते झकास. पण ब्रेक मारला की आवाजच नाही. मी ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचं बटण, पूर्ण चढवलं. तरी नाही. विशाखाने स्वतःच्या कानांवर हात ठेवले. इंदू स्वयंपाकघरातून धावत आली, काहीतरी म्हणत होती.

तेवढ्यात वरच्या कौसाबाई खाली आल्या. दारात उभ्या राहून बराच वेळ हातवारे करत बोलल्या. मी हसून "थँक्यू, बसा ना" म्हटलं. त्या निघून गेल्या. इंदू म्हणते, त्यांच्या नातीला ताप आहे, आवाज कमी करा असं सांगायला आल्या होत्या. मग नीट सांगायचं ना! सगळ्यांना तोंडातल्या तोंडात बोलायची सवय.

१६ सप्टेंबर

कंप्रेसर हाऊस. सुदाम म्हणतो, दोन नंबरच्या मशीनमधून शीळ येतेय. बारीक, मधूनच. मी जाऊन उभा राहिलो. काही नाही. उलट इतकं स्मूथ मशीन गेल्या कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. लोण्यातून सुरी फिरावी तसं. सुदामला म्हटलं, कानातली बोंडं काढ आधी. तो म्हणाला, काढलेलीच आहेत.

भला माणूस. सोनिवलीचा, घरची शेती आहे थोडी. पण मशीनचं ज्ञान यायला वेळ लागतो.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

विशाखाला घेऊन पुन्हा सेठकडे. तिसरा सेट : दोन छोटे आणि एक जमिनीवर ठेवायचा वूफर. वूफरसमोर उभं राहिलं की छातीत धडधडतं. याला म्हणतात आवाज! फक्त गाणारी बाई लांब, नदीच्या पलीकडच्या काठावर उभी राहून गातेय असं वाटलं.

सेठ हळूच म्हणाला, "भाऊ, सामान दिखाओ किसी को." मी म्हटलं, "दिखाओ ना, सब सामान दिखाओ." तो हसला नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

परतीच्या रिक्षात विशाखा ओरडून म्हणाली, तो 'कान दिखाओ' म्हणाला बाबा. सामान नाही. कान.

मार्केटमध्ये गोंगाट फार.

२९ सप्टेंबर

सुदामने माझ्या पाठीमागे सुपरवायझरला सांगितलं की दोन नंबर शीळ घालतंय. सुपरवायझरने मला विचारलं, तुम्ही सीनियर, तुमचं काय मत? मी म्हटलं, मशीन एकदम ओके. माझ्या शब्दावर विषय संपला. याला म्हणतात इज्जत.

नंतर सुदामला सुनावलं. तुला शीळ ऐकू येते ना? मग तूच जाऊन शोध कुठून येते ती. तो काही म्हणाला. काय ते कळलं नाही. ओठ हलले फक्त.

४ ऑक्टोबर, सोमवार

फर्स्ट शिफ्ट. सुदामला लागलं.

५ ऑक्टोबर

काल लिहवलं नाही. आज नीट लिहितो.

मी पॅनलपाशी उभा होतो, मशीनकडे पाठ. खिशात सेठने दिलेलं स्पीकरचं पत्रक होतं, ते वाचत होतो. सुदाम शीळ शोधायला दोन नंबरची जाळी काढून वाकला. बेअरिंगमधून धूर आला म्हणे. त्याने मला "बंद कर" म्हणून आवाज दिला म्हणे. मग बाही पट्ट्यात गेली. पुन्हा आवाज दिला म्हणे. लाल बटण माझ्या हाताजवळ होतं.

पहिल्यांदा मला कळलं ते जमिनीतून, पायाला. धाडकन काहीतरी. वळलो तर स्टोअरमधला जनू मला ढकलून बटणावर पडत होता. सुदाम खाली बसलेला. तोंड उघडं. मला वाटलं तो गप्प आहे.

उजव्या हाताची दोन बोटं गेली.

जनूचं स्टोअर पटांगणाच्या पलीकडे. तो म्हणतो त्याला तिथून ऐकू आलं. पलीकडे मशीनचा आवाज कमी असतो, म्हणून ऐकू आलं. साधी गोष्ट आहे. मी असं सगळ्यांना समजावून सांगितलं. कोणी काही बोललं नाही. बोलले असतील तर हळू.

८ ऑक्टोबर, शुक्रवार

तिघंही हॉस्पिटलला गेलो. सफरचंदं नेली. सुदाम गुंगीत होता, हाताला हे मोठं बँडेज. त्याची बायको गंगू पायाशी बसलेली. मी सांत्वनाचं बोललो. म्हटलं, सुदाम माझ्या भावासारखा, काळजी करू नका, होईल सगळं ठीक. बरं बोललो मी.

गंगूने मान खाली घालून काहीतरी विचारलं. आवाज एवढासा. पुन्हा विचारलं. दुःखातल्या बाईला "काय? काय?" किती वेळा करायचं? मी हसून मान डोलावली, "हो, हो," म्हटलं.

ती उठून बाहेर गेली. इंदूने माझा हात इतका जोरात धरला की बांगडी रुतली.

गंगू थकली असणार.

९ ऑक्टोबर

विशाखाने माझ्यासमोर खुर्ची ओढली. माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

गंगूकाकीने विचारलं, "ते वरडले तवा तुमाला ऐकू आलता का?"

आणि बाबा, तुम्ही हसून हो म्हणालात.

११ ऑक्टोबर

कॅन्टीनमध्ये माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. डबा उघडला, बंद केला. फॅक्टरीभर झालंय : सुदामने तक्रार केली म्हणून हरिचंद्रने, म्हणजे मी, डूख धरला. ऐकलं, आणि बटण दाबलं नाही. जनू माझ्यासमोरून गेला तेव्हा थुंकला. बाजूला थुंकला. पण थुंकला.

दुपारी ऑफिसमध्ये बोलावणं. मॅनेजरसाहेबांनी स्वतः खुर्ची दिली, चहा मागवला. माझ्या जवळ येऊन, चांगलं मोठ्याने बोलले. इतकं प्रेमाने आजवर कोणी बोललं नव्हतं तिथे. त्यांचं म्हणणं : मशीनमध्ये काही दोष नव्हता हे तुम्हीच सांगितलं होतं. सुदामने परवानगी नसताना जाळी काढली. तुम्हाला आवाज आला, पण वेळ कमी पडला. बस, एवढंच लिहून द्या. माणसाकडून होतं असं कधीकधी. तुमची जागा तशीच राहील.

कागद टाइप करून तयार होता.

मला तर फायद्याचंच वाटलं. कान शाबूत, जागा शाबूत. सुदामचं काय होणार, ते मी विचारलं नाही. साहेबांनी न विचारता सांगितलं : नियमाप्रमाणे. दाराबाहेर येईपर्यंत मला त्या शब्दाचा अर्थ कळला होता : चूक त्याची, म्हणून भरपाई नाही.

उद्या सही करतो म्हटलं.

१२ ऑक्टोबर

डोकं दुखतं म्हणून गेलो नाही. इंदूला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली. परातीतला हात तसाच. मग पीठ लागल्या हाताने माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं, आणि म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. मी रोज ओरडते, आणि तुम्ही म्हणता घर किती शांत आहे."

म्हटलं, मग आधी सांगायचं.

म्हणाली, सांगितलं. सांगितलंच की.

१३ ऑक्टोबर

विशाखाने कानाच्या डॉक्टरकडे नेलं, उल्हासनगरला. काचेच्या कपाटासारखी खोली. आत बसवून हेडफोन चढवला. आवाज आला की बटण दाबायचं.

सुरुवातीला दोन-चार जाडे आवाज आले, दाबलं. मग मी बसून राहिलो. तयारीत, बोट बटणावर. काचेपलीकडची बाई खटके फिरवत होती. मी वाट बघत होतो पुढचा आवाज कधी येतोय याची. बराच वेळ गेल्यावर काचेवर टकटक करून खूण केली, तुमचं मशीन बंद आहे.

ती बाई विशाखाकडे बघायला लागली. विशाखा दुसरीकडे.

कागदावर रेघ काढून दिली. डावीकडे जरा वर आहे, मग जिना उतरावा तशी खाली जाते. डॉक्टरने बोट ठेवून दाखवलं : ढोलकी इथे, वूफर इथे. झांज, बेल, बायकांचा आवाज, शीळ, हे सगळं इथे. तिथे रेघ कागदाच्या तळाला गेली होती. विचारलं, कुठे नोकरी? सांगितलं. कानात काही घालायचा का? मी त्याला नाडीचं आणि हातमोज्यांचं सांगणार होतो. नाही सांगितलं.

औषधाने येत नाही म्हणे. मशीन लावायचं.

दुसऱ्या डॉक्टरकडे दाखवावं का? विशाखाला विचारलं. तिने मान हलवली. कुठल्या बाजूला, ते बघितलं नाही.

१४ ऑक्टोबर, धम्मचक्र दिन

घरात भीमगीतं वाजली नाहीत. विहारात गेलो, वंदना झाली. आजूबाजूचे ओठ बघून ओठ हलवले. किती दिवस हेच करत असेन?

तिथूनच फॅक्टरीत. साहेबांसमोर त्यांचा कागद परत ठेवला आणि डॉक्टरचा ठेवला. म्हटलं, सुदामला शीळ ऐकू येत होती. ती होती. मला ऐकू आली नाही. तो ओरडला तेही नाही. मी मशीन ओके सांगितलं ते न ऐकताच सांगितलं.

साहेब खूप बोलले. या वेळी मोठ्याने नाही. चहा आला नाही. युनियनच्या माणसाने दोन्ही कागदांच्या झेरॉक्स काढून घेतल्या. कंप्रेसर हाऊसमधून मला काढलं. पुढचं ठरेपर्यंत गेटजवळ बसायचं, कामाशिवाय.

मला वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हलकं वाटेल. गेटजवळ माशा फार आहेत.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

सोनिवलीला सुदामच्या घरी. एकटाच गेलो. इंदू म्हणाली, एकटेच जा.

सुदाम ओट्यावर बसला होता, हात गळ्यात. गंगू मला बघून आत गेली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. पाठ करून गेलो होतो, तरी मधलं विसरलो. मला ऐकू येत नाही, सुदाम. शीळ नाही, तुझी हाकही नाही. त्या दिवशी तुझ्या बायकोचा प्रश्नही नाही. मी उगाच मान हलवली. डॉक्टरची रेघ काढून दाखवली. त्याने डाव्या हाताने धरली, उलटी धरली, मी सरळ करून दिली.

मग तो बोलायला लागला. बराच वेळ बोलला. मध्ये बँडेजकडे बघत होता, मध्ये माझ्याकडे. मी म्हटलं, जोरात बोल. तो पुन्हा बोलला. मला वाटलं शिवी असावी. असायलाच हवी. किंवा माफ केलं म्हणत असेल. छातीत वूफरसारखं व्हायला लागलं. म्हटलं, सुदाम, अजून जोरात.

तो उठला, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडला. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. समोरच्या घरातली माणसं बाहेर आली.

"च्यात साखर घालू का नको?"

घाल म्हटलं.

गंगूने चहा आणला. माझ्यासमोर ठेवला, हातात दिला नाही. आम्ही दोघं प्यालो. बाकी त्याआधी तो एवढा वेळ काय बोलत होता, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

२२ ऑक्टोबर, शुक्रवार

वूफरवाला सेट परत केला. विशाखाने दुसरे निवडले. छोटे, साधे, बजेटात बसणारे. मी दुकानाबाहेर उभा राहिलो. सेठने आतून हात केला, मीही केला.

संध्याकाळी तिने लावले. इंदू दारात येऊन उभी राहिली, ओल्या हातांनीच. विशाखाचं बोट टेबलावर ताल धरत होतं. मी विचारलं, आवाज कसा आहे?

विशाखाने सांगितलं. मला कळलं नाही, पुन्हा विचारलं.

आवाज चांगला आहे.