योगिताचा डावा कान

८ जानेवारी २००७, सोमवार
योगिताचा फोन आला. हॅवलॉक बेटावर पोचली. उद्यापासून पाण्याखाली जायचं शिक्षण सुरू, पाठीवर हवेची टाकी बांधून. एकटीच गेलीय अंदमानला, ना मैत्रीण ना कोण. ही माझी नात. जाताना बोलली, आजी, रोज काय झालं ते लिहून ठेव, आल्यावर वाचेन. मला अक्षर येत नाही, म्हणून सांगते मी आणि लिहिते सुमन. सुमन माझी सून, योगिताची आई. मी "हाय, न्हाय" बोलते, ती "आहे, नाही" लिहिते. या वयात मला शाळेत घातलंय.
रोज काय झालं? नारपोलीत कापडाचे लूम चालले. झालं लिहून.

१० जाने.
शेजारच्या शकुबाईने विचारलं, योगिता दिसत नाही? सु. बोलली, ऑफिसच्या ट्रेनिंगला गेलीय. नोकरी सोडून दिवाळी झाली, नाताळ झाला, ट्रेनिंग अजून चालूच. शकुबाई गेल्यावर मी विचारलं, सर्टिफिकेट मिळालं की पेढे वाटायचे का?
हे लिहायला सु. तयार नव्हती. लिहिलं.

१३ जाने.
मोठा फोन. आज पहिल्यांदा खोल गेली. मी विचारलं, खाली काय दिसतं?
हेच मी हिच्या आजोबांना विचारलं होतं, नवीन लग्न झालं तेव्हा. ते काल्हेरच्या खाडीत रेती काढायचे. होडीतून बांबू खाली रोवायचा, तो धरून तळाला जायचं, बादली भरायची, वर यायचं. परत खाली. डुबी मारणं म्हणायचे त्याला. टाकी नाही, डोळ्यांवर काच नाही, छातीत मावेल तेवढी हवा. मी विचारलं तर बोलले, "काळोख. दुसरं काय दिसणार?"
योगिता बोलली, आजी, निळं दिसतं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे दगड, पण जिवंत. पिवळ्या पट्ट्यांचा मासा काचेपाशी येऊन बघून गेला. मी बोलले, स्थळ बघायला आला असेल. हसली. मग बोलली, खाली आवाजच नसतो ग, फक्त आपला श्वास.
लूमच्या खडखडाटात तिचं अर्धं ऐकू आलं, अर्धं मी माझ्या मनाने भरलं. सु. विचारते, काय काय भरलं? ते नाही सांगायचं.

१७ जाने.
प्रकाश, माझा मुलगा, पूर्णा गावातल्या गोदामातून रात्रपाळी करून आला. चहा पिताना बोलला, हे पाण्यातलं बस झालं, लग्नाचं बघा. मग झोपला. पोरीच्या बाबतीत तो जागेपणी एवढंच बोलतो.
फोन नाही.

२१ जाने., रविवार
दुपारी लाईट गेली, सगळे लूम एकदम बंद. तेवढ्यात फोन. योगिता ओरडून बोलत होती. मी बोलले, लूम बंद आहेत ग, हळू बोल. "काय?" परत सांगितलं. परत "काय?" मग थांबली जरा, आणि नीट बोलली. अजून एक खोल डुबी राहिली, ती झाली की पुढच्या बेटावर. नील का काय नाव आहे.
खालचं काही विचारायचं राहिलं.

२२ जाने.
काही नाही.

२३ जाने.
आज पण काही नाही. सु. विचारते, आई, बरं नाही का? जेवल्या पण नाहीत. लिही, कंबर.

२४ जाने.
सुमन, आता सांगते ते लिही. मध्ये थांबू नको.
योगिताच्या एका कानाने ऐकू येत नाही. डाव्या. फोन ती डाव्याच कानाला लावते, लहानपणापासून. रविवारी "काय, काय" करत होती, मग फोन उजव्याला नेला असणार, मग तिला ऐकू आलं. लूम चालू असते तर मला कळलं नसतं. इथे सगळेच ओरडतात.
हिच्या आजोबांचं असंच सुरू झालं होतं. खोल पाणी कान दाबतं. कानातून रक्त यायचं, लसणाचं तेल घालायचे, कापसाचा बोळा घालायचे, सकाळी परत होडीवर. आधी मोठ्याने बोलायला लागले. मग "काय" विचारायला लागले. मग तेही सोडलं. नुसते हसायचे. हसले की समजायचं, ऐकू आलेलं नाही. मग लूमवर लागले, तिथे कानाचं काही काम नसतं.
बहिऱ्या माणसाशी भांडता येतं. आमची भांडणं सगळ्या चाळीला पाठ होती. पण काही बोलणं हळूच बोलायचं असतं. ते ओरडून कसं बोलणार? ते मी सोडून दिलं. मी तिशीची पण नव्हते.
तीन दिवस गप्प बसले, कारण तुला सांगितलं की तू पोरीला परत बोलावशील. आणि मला खालचं सांगणारं दुसरं कोण आहे?

(सु. लिहायची थांबली. उठून फोन लावला. लागत नव्हता. मग येऊन वरचं पुरं केलं.)

२७ जाने.
योगिताच्या लॉजच्या नंबरवर फोन लागला. सु.ने पहिलंच विचारलं, कान दाखवलास का? योगिता बोलली, "कोणी सांगितलं तुला?" "आजीने." मग माझ्याशी.
"आजी, चुगली केलीस?"
"केली. ऐकू आलं का मोठ्याने सांगू?"
हसली नाही.
मग सगळं बोलली. खाली जाताना नाक दाबून फुंकायचं असतं, त्याने कान मोकळा होतो. तो होईना, तरी ही घाईत गेली. आतून कळ आली. शिकवणाऱ्या सरांना सांगितलं नाही, ते पुढची डुबी बंद करतील म्हणून. आता दुखत नाही, नुसती शिट्टी वाजते आत.
सु.ने तिला शपथ घातली. पोर्ट ब्लेअरला जाऊन डॉक्टरला दाखवते बोलली.

३० जाने.
दाखवलं. पडद्याला भोक पडलंय. भरेल बोलले, पण काही आठवडे डोकं पाण्याखाली घालायचं नाही. घातलं तर कानाची खात्री नाही.
"मग घरी ये," सु. बोलली.
"हॅवलॉकला जाते आधी. सामान तिथे आहे."
"मागवून घे ना!"
"आईला फोन दे," बोलली. सुमन मला आई म्हणते, म्हणून फोन माझ्याकडे आला. चिडलेली असली की योगिता सुमनला स्वतःची आई ठेवत नाही, नुसती माझी सून करून टाकते.
मला विचारलं, "आजोबांचा कान फुटला, मग ते परत गेले होते पाण्यात?"
सुमन माझ्याकडे बघत होती. मान हलवून नाही बोला, नाही बोला.
मी बोलले, "गेले. दुसऱ्या दिवशी."
"का?"
"चूल होती, योगे."
"फक्त चूल?"
मी काय सांगणार? मी कधी विचारलं नाही. विचारायचं सुचलं तोवर त्यांना ऐकू येत नव्हतं. मी बोलले, "तू आलीस की हळू आवाजात सांगेन. दोन्ही कान घेऊन ये."
तिने फोन ठेवला.
सु. रात्री जेवायला वाढताना बोलली, खोटं बोलला असतात तर काय गेलं असतं? बरोबर आहे तिचं. पण पोरीने खरं विचारलं होतं.

१ फेब्रु., गुरुवार
दोन दिवस फोन नाही. उद्या पुनव, खाडीला दुपारी मोठी भरती. तिकडच्या समुद्राची वेळ काय, कोणाला विचारायची?
संध्याकाळी सुमनला बोलले, लाव. ती बोलली, तुम्हीच बोला, मी बोलले तर रडेन. लॉजवाल्याने उचलला. मॅडम सुबह से बाहर गयी है, बोलला. सामान? सामान तो कमरे में है.
मी विचारलं, "पानी में गयी है क्या?"
तो बोलला, "माताजी, यहाँ तो चारों तरफ पानी ही है."