अठरा वर्षांपूर्वीचा मी

१३ जाने., सोम.
एमआरआय. एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जू पोखरणारा आजार, अंगात शिरल्याला बारा वर्षं झाली. डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी लावली. मेंदू आक्रसलाय, मधल्या काळ्या पोकळ्या मोठ्या झाल्यात. म्हटलं, “मग निवडणुकीला उभं राहायला हरकत नाही.” ते हसले नाहीत. “गेलेलं परत येत नाही,” एवढंच. रिक्षात चढताना उजवा पाय उचलेना. शालनने दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला, बाजारची पिशवी ठेवावी तसा. तू बायको आहेस, हमाल नव्हेस, हे सांगायचं राहून गेलं.

१६, गुरु.
रविवारचं विनोदी सदर उद्या पाठवायचं. एका बोटाने टाइप. दुपारपर्यंत चार ओळी. ‘टँकर’ हा शब्द सुचेना. ‘पाण्याची मोठी गाडी’ लिहिलं. सोलापुरात राहून! विनोद तर सापडेचना. झोपलो.

१९, रवि.
सदर छापून आलंय. माझंच, पण अठरा वर्षांपूर्वीचं. शालनने कात्रणांच्या फायलीतून काढलं, तेव्हाच्या महापौरांचं नाव गाळलं, दिलं पाठवून. पाणी तेव्हाही चार दिवसांनी, आताही. कुणाला पत्ता नाही. शेजारचे बिराजदार फाटकातूनच ओरडले, “लई दिवसांनी फार्मात आलात की राव! मधी जरा ढिलं पडलं होतं.”
मधलं सगळं ताजं होतं. माझं.

२०, सोम.
भांडण.
“ही चोरी आहे.”
“कुणाची? तुमचीच की.”
“संपादकांना सांगणार मी.”
“सांगा. मग रविवारी काय करणार, तेही सांगा.”
पूर्वी लोक मला हजरजबाबी म्हणून…

२३, गुरु.
जुना लेख पुन्हा वाचला. तिसऱ्या परिच्छेदाला मोठ्याने हसलो. पुढचं वाक्य काय असेल, ते मात्र ओळखता येईना. कसला तल्लख माणूस! त्याचा राग आला. शहरात काही बदललं नाही म्हणून तो अजून चालतो. आणि मी, भिंत धरून.

२४, शुक्र.
संपादकांचा निरोप: पाचपर्यंत हवं. सकाळपासून पाच ओळी लिहिल्या, तीन खोडल्या. उरलेल्यांपैकी एक बरी आहे. बहुतेक.
साडेचार. शालन दारात, हातात पिवळं कात्रण. “खड्ड्यांवरचं काढलंय. एक नावसुद्धा बदलावं लागत नाही. पाठवू?”
“थांब की जरा.”
थांबलीय.