पंखाखालचं काळं पीस

लोणावळे, जानेवारी १९३४, शनिवार संध्याकाळ

माझी जीभ फार सैल. खुराडं झाडायला येणाऱ्या सखूमावशीची लेक सुखरूप बाळंत झाली, तेव्हा मीच म्हणालो, कार्ल्याच्या देवीचा नवस फेड, हवा तो कोंबडा ने. आणि माझ्याकडे पांढरे नर दोनच! एक पुण्याच्या प्रदर्शनासाठी राखलेला. दुसऱ्याच्या पंखाखाली एक काळं पीस, म्हणून बाद. वरून दोघे सारखेच. पण देवीला बिनडागीच द्यायचा, ही इथली रीत.

आज शाळेतून आलो तर एकच नर उरलेला. चार वर्षं पिल्लं निवडून साधलेला रंग गेला की काय? उरलेल्याचा पंख उघडून पाहिला. काळं पीस नव्हतं.

मावशी डोंगरावरून परतली. विचारलं, "चुकून काळ्या पिसाचा नेलास का गं?"

"चुकून कशी नेईन, मास्तर? रोज मीच दाणं टाकती न्हवं? देवीला समदं सांगितलं. ती घेती समजून. तुमचा परदर्शनातला सायेब न्हाई घ्यायचा."

आत्ताच प्रदर्शनाचा अर्ज भरला. पाळणाऱ्याचं नाव या रकान्यात सखूबाई लिहिलं.