हिल्दुरचा पाचवा फाउल

अक्युरेरी, ३ नोव्हेंबर २०१९

प्रिय रान्वेइग,

तू पाठवलेल्या कात्रणात प्रशिक्षक लिहितात की, पाच फाउल झाल्याने आपली हिल्दुर बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यातून बाद झाली. हे चूक आहे. तिचे चारच झाले होते. पाचवा तिच्याच संघातल्या आस्डिसचा होता; नोंदणीच्या टेबलावर बसून मीच तो हिल्दुरच्या नावे लिहिला.

“बाबा, नीट मोजा ना!”

“मी चुकत नसतो. बाहेर बस.”

राष्ट्रीय संघात निवड झालेली असूनही तिने पुन्हा चेंडू हाती धरला नाही.

माझ्या डोळ्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली, काळजी नसावी. मात्र परिचारिकांचे बूट फरशीवर करकरले की हिल्दुरच धावत आली असे वाटते. तू लोकरी मोजे घालतेस ना?

तिला हे वाचून दाखव. दुरुस्त तारखा अशा:

सामना: ९ एप्रिल १९८८ (१० नव्हे).
चूक मला कळली: त्याच संध्याकाळी.
तिला सांगितली: आज.

तुझाच,
थोर्गेइर