बहीण कुठे उभी करू?

१२ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहोत, तूही तिकडे मजेत असशील. पत्राची सुरुवात अशी करायला मी माझ्या वर्गात बंदी घातली आहे आणि स्वतः मात्र तेच लिहून बसले. हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. पहिलं फार सुंदर झालं म्हणून फाडलं. दुसऱ्यात मीच रडत होते, तिसऱ्यात तुला रडवायचा बेत होता. आता जमेल तसं लिहिते. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला बारक्या म्हणते म्हणून रागावू नकोस, आधीचा राग शिल्लक आहेच.

बाबा ठीक आहेत. डोळ्यांनी फारसं दिसत नाही, हात थरथरतात. दुकानातली घडी दाबायची लाकडी पट्टी मात्र अजून उशाशी असते. डॉक्टरांची चिठ्ठी आली तरी नीट घडी घालून, पट्टीने दाबून मगच उशीखाली ठेवतात. बाइंडरचा हात, दुसरं काय.

माझा लेखनाचा वर्ग दर शनिवारी सकाळी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. कथा, कविता, नाटक, वृत्तांत, जे मागतील ते शिकवते. आठजण येतात आणि आठहीजण माझं डोकं खातात. निवृत्त पोस्टमास्तर बातमीलाही यमक जुळवतात. नर्सबाई प्रेमकथा लिहितात तीसुद्धा पेशंटच्या कागदासारखी, दहाला भेट, सव्वादहाला अश्रू. एक वायरमन आहे, तो फक्त नाटकं लिहितो, कारण वर्णनाचा त्याला कंटाळा. वीस वर्षं घसा फोडून कुणाला धड एक परिच्छेद लिहिता येऊ नये, याचा मला इतका वैताग आला की मागच्या महिन्यात मी सगळ्यांना एकच प्रसंग दिला. म्हटलं, ज्याने त्याने आपापल्या प्रकारात लिहून आणा.

कुठला प्रसंग, ते तुला कळलं असेलच. माझ्या त्या छापून आलेल्या गोष्टीतला. ती वाचल्यापासून, म्हणजे आठ वर्षं, तू माझा फोन उचलत नाहीस.

मी त्यांना गोष्टीत आहे तसाच सांगितला. बाइंडरचं दुकान. वाचनालयाची जुनी पुस्तकं बांधायला आलेली, उसवून जमिनीवर मांडलेली. आई दवाखान्यात. सगळे तिला भेटायला निघायच्या आधी सोळा वर्षांचा मुलगा मागच्या मोरीत चिकटवायच्या खळीसाठी पाणी घ्यायला जातो. नळ उघडतो, पाणी गेलेलं असतं. शीळ घालत तो नळ तसाच सोडून येतो. संध्याकाळी परततात तर दाराखालून पाणी वाहतंय. वडील त्याच लाकडी पट्टीने मुलाला मारतात. मुलगा घर सोडतो, दूर कुठल्या गॅरेजात कामाला लागतो. हे सगळं सांगते ती थोरली बहीण.

पोस्टमास्तरांनी पाण्यावर आठ कडवी केली. नर्सबाईंनी भिजलेल्या पुस्तकांची आकारवार नोंद आणली. वायरमनने नाटक आणलंच नाही. वायरिंगचा काढतात तसा रंगमंचाचा नकाशा आणला. पुढे दुकान, मागे मोरी, मध्ये भिंत, एकच दार.

"मॅडम, बहीण कुठे उभी करू?"

मी म्हटलं, करा कुठेही.

"कुठेही कशी करणार? तो नळ उघडतो, सोडून देतो, हे तिला दिसतंय. म्हणजे ती मोरीत हवी. आणि मोरीत होती, तर तिने नळ का नाही बंद केला?"

मी त्याच्यावर डाफरले. कथेत सांगणाऱ्याला भिंतीपलीकडचंही दिसतं, एवढं साधं तुम्हाला कळू नये, असं बरंच काही बोलले. तो नकाशाची गुंडाळी करत म्हणाला, "गोष्टीत चालत असेल मॅडम. नाटकात तिला पाय असतात."

त्या दिवशी वर्ग लवकर सोडला. त्यानंतर महिनाभर हेच लिहायचा प्रयत्न करतेय आणि स्वतःचाच संताप येतोय. कविता केली तर नळाचं प्रतीक झालं. कथेत मी पुन्हा भिंतीपलीकडचं बघणारी बहीण होऊन बसले. लेख लिहायला घेतला तर माणसाची स्मृती कशी फसवी असते, यावर दोन पानं झाली. मला काहीही फसवत नाहीये. मला सगळं स्वच्छ आठवतंय.

मोरीत तू नव्हतासच. तू बाहेर सायकलीत हवा भरत होतास. तुझी शीळ तिथून ऐकू येत होती, तेवढंच त्या मोरीच्या प्रसंगात खरं आहे. नळ मी उघडला आणि मीच विसरले. कुलूप तू लावलंस म्हणून दोष तुझ्यावर आला. आपण परत आलो तेव्हाच मला आठवलं होतं, बाबांनी पट्टी उचलायच्याही आधी.

एकोणीस वर्षांची पोर घाबरली, हे मी समजू शकते. पण चाळिशी उलटल्यावर, कुणी मारणारं नसताना, तीच लबाडी मी घोटून घोटून चांगल्या भाषेत लिहिली, छापायला दिली, वर बक्षीस घेतलं. तोवर तुला वाटत असेल, नळ कुणाकडून राहिला कोण जाणे. तुझी शीळ त्या मोरीत वाचलीस तेव्हा तुला कळलं असणार, ती ऐकणारी मीच मोरीत होते. याला भीती म्हणत नाहीत. याची मला लाज वाटते, बारक्या.

इथपर्यंत लिहून आत गेले आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. नर्सबाईंच्या अश्रूंना ते हसले. पुढे हसले नाहीत. वाचून संपल्यावर बराच वेळ उशीची कड चाचपत राहिले.

"मी त्याला मारत होतो तेव्हा तू कुठे होतीस?"

"दारात. तुमच्या मागे."

"रडत होतीस. मला वाटलं, त्याच्यासाठी."

मग त्यांनी उशाशी हात घालून पट्टी काढली आणि म्हणाले, पत्राची घडी तू घालू नकोस, मी घालतो.

आता हा कागद त्यांच्या हातात देतेय. घडी थोडी वाकडी येईल, पण दाबलेली पक्की असेल. माझं एक अक्षरही वाचलं नाहीस तरी चालेल. घडी तेवढी बघ.

दारात उभी होती ती,
तुझी ताई