पासपोर्ट हॉटेलात राहिला

लालबाग,
१२ ऑक्टोबर

प्रिय आकू,

आईचं पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे ठीक आहेत. अण्णांचा गुडघा कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात. स्वप्नीलला ठाण्यात नवी नोकरी लागली, ते तुला कळलंच असेल. पत्र अशासाठी, की फोनवर मला हे बोलता येणार नाही. चार वर्षांत आपण फोनवर काय बोललो? ‘बरी आहेस ना?’ ‘हो.’ ‘अण्णांना देते.’ तू रविवारी अण्णांशी तासभर बोलतेस, तेव्हा मी स्वयंपाकघरात फ्रिजच्या आड उभी राहून सगळं ऐकते. अण्णांना वाटतं, मी भाजी निवडते.

एप्रिलमध्ये मी टूरबरोबर जपानला आले होते. ते तुला अण्णांनी सांगितलं होतं, आणि ‘तिला भेटायचं नाहीये, फुलं बघायला चाललेय’ हेही सांगितलं होतं. तसं सांगायला मीच लावलं होतं. आता खरं काय झालं ते ऐक.

निघण्याआधी घरात पासपोर्टवरून रणकंदन झालं. स्वप्नीलचं म्हणणं, ‘आई, फिरताना पासपोर्ट बरोबर घ्यायचा नाही. हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवायचा आणि झेरॉक्स पर्समध्ये. हरवला तर परदेशात बसशील रडत.’ आमचा टूर मॅनेजर हितेंद्र मात्र विमानतळावरच बजावत होता, ‘जपानमध्ये पासपोर्ट अंगावर पाहिजे म्हणजे पाहिजे. तिकडे कायदाच आहे.’ बसमध्ये दोन तट पडले. माझ्या खोलीत वरळीच्या शांताबाई होत्या, पंचाहत्तरीच्या. त्यांनी परकराला आतून खिसा शिवून घेतला होता. दुकानात बिनकराची खरेदी करायची म्हणून पासपोर्ट मागितला, की त्या कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून तो काढायच्या आणि मागे आम्ही चार बायका आडोसा धरून उभ्या. इतकी हसलेय मी त्या आठ दिवसांत! मी स्वप्नीलचं ऐकलं. पासपोर्ट लॉकरमध्ये, झेरॉक्स पर्समध्ये.

ओसाकाला आलो त्या मंगळवारी दुपारी सगळे खरेदीला जाणार होते. मी डोकं दुखतंय म्हणून खोलीत थांबले. शांताबाईंना तेवढं खरं सांगितलं होतं. माझ्या पर्समध्ये झेरॉक्सच्या मागे तुझा कोबेचा पत्ता होता. अण्णा तुला दरवर्षी मसाल्याचं कुरिअर करतात ना, त्या पावतीवरून उतरवून घेतलेला. (अण्णांना मिरच्या भाजता येत नाहीत, हे तुला ठाऊक आहे. तेव्हा मसाला कोण करतं ते वेगळं सांगायला नको.) तू ऑफिसला असशील हे मला माहीत होतं, म्हणून तर मंगळवार निवडला. मला फक्त घर बघायचं होतं. तू कुठल्या दारातून बाहेर पडतेस, खिडकीत काय वाळत घालतेस, एवढंच.

हॉटेलच्या पोरीने कागदावर लिहून दिलं त्याप्रमाणे गाडी पकडली, उतरले, लोकांना पत्ता दाखवत दाखवत तुझ्या गल्लीत पोचले. खाली सुक्या मासळीचं दुकान, वर तुमचं घर. वास आला आणि मी थबकलेच. आपल्या मच्छीवालीच्या टोपलीचा वास, तो इथे? खिडकीत तुझी पिवळी ओढणी होती. मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास झाला. चार पावलं पुढे, चार मागे. रस्ता ओलांडवेना.

कोणाला तरी संशय आला असणार. सायकलवरून एक तरुण पोलीस आला, टोपीला हात लावून वाकला आणि म्हणाला, ‘पासपोर्ट, प्लीज.’ मी झेरॉक्स काढून दिली. तो हसला, मान हलवली. ‘ओरिजिनल?’ आकू, एकतीस वर्षं मी परळच्या हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर हाच प्रश्न विचारला. ‘झेरॉक्स चालत नाही, ओरिजिनल आणा.’ किती लोकांना परत पाठवलं असेन! त्या दिवशी खिडकीच्या पलीकडे मी होते.

त्याने फोन काढला. त्यात जपानीत बोललं की आतली बाई तेच मराठीतून सांगायची. तिने विचारलं, ‘इथे तुम्हाला ओळखणारं कोणी आहे का?’ नाही म्हणायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. म्हटलं, ‘माझी मुलगी इथे राहते. या घरात.’ चार वर्षांत हे वाक्य मी कोणासमोर उच्चारलं नव्हतं. मजल्यावरच्या बायका विचारायच्या, तेव्हा ‘परदेशात असते’ म्हणून विषय बदलायचे. आणि तिथे भर रस्त्यात एका परक्या पोलिसाला बोटाने घर दाखवून सांगत होते, माझी मुलगी, माझी मुलगी. त्याने सायकल भिंतीला टेकवली, मला हाताला धरलं आणि रस्ता ओलांडून दिला.

तुझ्या सासूबाई एप्रन बांधून मासळी मांडत होत्या. पोलिसाने काही विचारायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातला मासा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘दुर्गा-सान?’ मग धावत आत गेल्या आणि भिंतीवरची तसबीरच काढून घेऊन आल्या. तुझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशीचा आपला फोटो. मी पेढा भरवतेय आणि तू डोळे मिटून घेतलेत. पोलिसाने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. मग हितेंद्रला फोन लावून खात्री केली. हितेंद्र मला म्हणाला, ‘मॅडम, डोकं दुखत होतं ना तुमचं? मग ते कोबेला कसं गेलं?’ पोलिसाने पुढच्या वेळी पासपोर्ट अंगावरच ठेवा म्हणून दोनदा बजावलं आणि वाकून नमस्कार करून गेला. मीही वाकले. किती वेळा वाकायचं ते कळेना, म्हणून तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघी विहिणी वाकत होतो.

सासूबाईंनी चहा केला. त्यांच्याही फोनात तशीच बाई होती, तो मधे ठेवून आम्ही बोलायला लागलो. त्यांचा पहिला प्रश्न, ‘तुमची तब्येत आता बरी आहे का?’ मला कळेना. त्या म्हणाल्या, ‘लग्नाच्या वेळी तुम्ही फार आजारी होतात. मी दादरच्या हॉलमधून तुम्हाला बघायला येणार होते, पण आकांक्षा म्हणाली, डॉक्टरांनी कोणाला भेटू दिलेलं नाही.’

आकू, तू त्यांना असं सांगितलं होतंस?

आपल्या घरापासून तो हॉल टॅक्सीने दहा मिनिटांवर. त्या दिवशी अण्णा आणि स्वप्नील नवे कपडे घालून गेले, आणि मी तांदूळ निवडत बसले होते. निवडलेलेच पुन्हा निवडत होते. लोक काय म्हणतील, परक्या जातीचा सोड, परक्या देशाचा जावई, आणि त्याहून मोठं म्हणजे तू एवढ्या लांब जाणार. त्याचा राग. आणि तू मात्र सगळ्यांसमोर माझी अब्रू सांभाळत होतीस. नवरीच्या साडीत.

मला ते पेलवेना. फोनमध्ये सांगून टाकलं, ‘मी आजारी नव्हते. मी रागावले होते.’ फोनमधल्या बाईने ते जपानीत म्हटलं. सासूबाईंनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उठायला सांगणार. मग त्या फोनजवळ वाकून हळूच काहीतरी बोलल्या. बाई म्हणाली, ‘मीही रागावले होते. मी दोन आठवडे रडले. पण माझा नवरा मला ओढून मुंबईला घेऊन गेला.’ आम्ही एकमेकींकडे पाहिलं आणि अशा हसत सुटलो, की दुकानात आलेलं गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं. हसता हसता रडलो, मग पुन्हा हसलो.

नंतर मी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. तुझ्या डब्यातला मसाला त्यांनी काढून दिला, दुकानातली सुकट आणली आणि मी कांद्यावर परतली. चिंचेच्या जागी त्यांनी आंबट बोरासारखं काहीतरी दिलं, तेही चाललं. त्यांनी तीनदा वाढून घेतली. निघताना मी हात जोडून सांगितलं, आकांक्षाला एवढ्यात कळू देऊ नका, माझं मी सांगेन. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. बाई शब्दाला पक्की आहे. पुढच्या रविवारी तू अण्णांना म्हणालीस, ‘अण्णा, सासूबाईंनी मोबाइलवर बघून सुकट केली होती, अगदी आईच्या हातची चव!’ मी फ्रिजच्या आड पदर तोंडात कोंबून उभी होते.

परत आल्यावर मी रोज ठरवत होते, आज लिहू, उद्या लिहू. सहा महिने गेले. काल अण्णांनी सांगितलं, की तुम्ही डिसेंबरात येताय, या वेळी सासूबाईही आहेत, आणि नेहमीसारखं परळचं हॉटेल बुक केलंय. तीन डिसेंबर गेले, तू या गावात आलीस आणि हॉटेलात राहिलीस, कारण घरी मी होते. म्हणून हे पत्र. ते बुकिंग रद्द कर. आतल्या खोलीतली माळ्यावर जाणारी खोकी मी आजच हलवली आहेत. तू आणि केन्जी तिथे झोपा, सासूबाई माझ्याजवळ. तुझ्या लग्नाला मी आले नाही, ती माझी चूक झाली, आकू. तुझी नव्हती, केन्जीची नव्हती, माझी होती. अण्णा आता खाली पेपर आणायला गेलेत, आले की त्यांनाही हे सगळं वाचून दाखवणार आहे. तू मात्र उत्तर लिहीत बसू नकोस. रविवारी फोन कर, आणि या वेळी मी ‘अण्णांना देते’ म्हणणार नाही. मी फ्रिजच्या पुढे उभी असेन.

तुझीच,
आई