पांढरी पडलेली हळद

हुडकेश्वर, नागपूर
१६ डिसेंबर २०२४

चि. काजल हिस,
बाबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे खुशाल आहोत, आजारी आहे ते मशीन.

फोनवर तू घाईत असतेस आणि तुझी आई मधे बोलते, म्हणून आपली जुनीच रीत बरी. फिल्मच्या रिकाम्या डबीत पेनड्राईव्ह ठेवला आहे, सोबत ही चिठ्ठी. फोटो इतके जड आहेत की इंटरनेटवर चढवले तर पुण्याला पोचेपर्यंत नवरीच्या घरी बारसं होईल.

मनोहररावांच्या भैरवीचं लग्न अकरा तारखेला झालं. त्यांच्या घरचं हे तिसरं लग्न माझ्या हातचं. पण हळदीचा व्हिडीओ तयार करायला लावला की कॉम्प्युटर घुं घुं करत बसतो. मी चहा पिऊन, पेपर वाचून येतो, तरी सोळा टक्क्यांवरच. आठ जीबीची रॅम आणि तुझ्या दहावीच्या वर्षी घेतलेलं मशीन, त्याचा तरी काय दोष म्हणा.

त्यातून रंगही बिघडतात. गेल्या दोन पार्ट्यांनी फोटो निळे आले म्हणून कुरकुर केली. तीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं, जेवण गेलं नाही मला. हे लग्न बिघडलं तर या भागात आपलं नाव संपलं समज. ड्रोन उडवणारी नवी मंडळी टपूनच बसली आहेत. तू दिवसभर व्हिडीओच कापतेस, तर काय काय बदलावं याची यादी लिहून पाठव. मुळातले फोटो आणि मी दुरुस्त केलेले, दोन्ही पेनड्राईव्हवर आहेत.

पुण्याची थंडी अंगावर काढू नकोस. माया आहेच, ती मोजू नये.
तुझा बाबा,
चंद्रभान

पुणे
२२ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
काजलचा शि. सा. नमस्कार. डबी फुटली नाही, पेनड्राईव्ह चालला.

यादी देते. रॅम बत्तीस जीबी करा. विंडोज आणि चालू काम एसएसडीवर ठेवा, जुनी डिस्क फक्त साठवणीला. ग्राफिक्स कार्ड लागेलच, पण त्याला जास्त वीज लागते, तेव्हा पॉवर सप्लाय मोठा घ्या. आणि कार्ड घेण्याआधी कॅबिनेटची लांबी मोजा. तुम्ही मोजणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी लिहिते.

आता रंगाचं. तुम्ही दुरुस्त केलेले हळदीचे फोटो पाहिले. बाबा, हळद पांढरी पडली आहे. भैरवीच्या गालावर रांगोळी लावल्यासारखी दिसते. मला वाटतं तुमचा मॉनिटर म्हातारा झाला. तो सगळं पिवळं दाखवतो, म्हणून तुम्ही पिवळं काढत जाता, आणि कागदावर उरतं ते निळं. नवा मॉनिटर घेतल्याशिवाय अल्बम छापायला देऊ नका. एवढं ऐकाच.

मुळातले फोटो अजून उघडले नाहीत, इथे कामाचा ढीग आहे. तुम्ही काळजी करू नका, ती मशीनची चूक आहे, तुमची नाही.

आईला नमस्कार. तुमची आठवण येते हे फोनवर सांगायचं राहतं, म्हणून इथे.
काजल

हुडकेश्वर
६ जानेवारी २०२५

चि. काजल हिस,
आशीर्वाद. मशीन धावायला लागलं!

सीताबर्डीवरचा विश्वनाथ आपला जुना माणूस, त्याने सगळं समोर बसून बसवलं. कॅबिनेट मी मोजलं नव्हतं. कार्ड दोन बोटं बाहेर राहिलं, मग कॅबिनेटही घ्यावं लागलं. हसू नकोस. पण जो व्हिडीओ अर्धा दिवस खायचा तो आता अकरा मिनिटांत तयार होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा मला वाटलं अर्धवटच झाला, म्हणून पुन्हा लावला.

नवा मॉनिटरही आला. त्यावर बसून हळदीचे सगळे फोटो पहिल्यापासून पुन्हा केले आणि अल्बम छापायला दिला. तरी एक सांगतो, हा मॉनिटरही जरा पिवळाच आहे. मी विश्वनाथला तसं बोललो, तर म्हणे, काका, हा तं कारखान्यातूनच तपासून येते, यात पिवळं कुठं दिसून राहिलं तुम्हाले? आता तो पडला मशीन विकणारा, त्याला रंगातलं काय कळणार. मी माझ्या अंदाजाने पिवळं काढून टाकलं.

नव्या फोटोंचा पेनड्राईव्ह सोबत आहे. पाहा आणि खरं काय ते कळव, बापाला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

जिव्हाळा ठेव, आणि रात्रीचं जागरण कमी कर.
बाबा

हुडकेश्वर
१५ जानेवारी २०२५

चि. काजलला,
आईचे आशीर्वाद आणि तीळगूळ. ही चिठ्ठी यांना न सांगता लिहीत आहे.

काल मनोहररावांची बहीण यमुताई अल्बम घेऊन आल्या. संक्रांतीचं वाण घेऊन आल्या असतील म्हणून मी पाट मांडला, तर त्यांनी अल्बम टेबलावर ठेवला. यांना म्हणाल्या की भाऊ, पोरीच्या आंगाले हळद नाही, राख लावल्यावानी दिसून राहिली, हा अल्बम आम्ही सासरी कसा दाखवाव? भांडल्या नाहीत गं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. हे म्हणाले की नवीन कार्डात खोट आहे.

आता रंग मोजायचं यंत्र मागवायचं म्हणतात, कॅमेरा बदलायचा म्हणतात. मला यातलं काही कळत नाही. मला एवढंच दिसतं की माणूस दिवसभर त्या पडद्याला नाक लावून बसतो. खोलीत दोन ट्यूब लावल्या, तरी उजेड कमी आहे म्हणून माझ्यावर चिडतात. दिवस मावळला की स्कूटर काढत नाहीत. समोरून येणारे सगळे दिवे डोळ्यात मारतात, आजकाल कुणाला गाडी चालवायची अक्कल नाही, असं म्हणतात. परवा माझ्या पांढऱ्या साडीवर ब्लाऊजपीस आणलं ते लिंबाच्या रंगाचं. मी तसंच शिवायला टाकलं.

रागावलेला माणूस मला चालतो, सवय आहे. पण हे गप्प झाले आहेत, त्याची मला भीती वाटते. मशीनमध्ये अजून काय बदलायचं राहिलं असेल ते एकदाच सांग, मी घेऊन देते.

तब्येतीला जप, आणि आईवरचा जीव पातळ होऊ देऊ नको.
तुझी आई,
वच्छला

पुणे
१९ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
काजलचा शि. सा. न. हे पत्र एकट्याने वाचा.

तुम्ही खरं कळव म्हणालात, म्हणून खरं लिहिते. काल बसून मुळातले फोटो उघडले, ते मी महिनाभर आधीच उघडायला हवे होते. तुमच्या कॅमेऱ्यातून आलेली हळद अगदी पिवळी आहे. भैरवीच्या कोपरावरून ओघळलेली हळदसुद्धा जिवंत दिसते. असा फोटो इथे आमच्याकडे कुणी काढू शकत नाही, हे मी लेक म्हणून म्हणत नाही.

मग दुरुस्त केलेले पाहिले. दोनशे चौदा फोटो, आणि प्रत्येकात रंगाची पट्टी निळ्याकडे ओढलेली. जुन्या मॉनिटरवर जेवढी ओढली होती, जवळजवळ तेवढीच नव्यावर. बाबा, रॅम बदलली, डिस्क बदलली, कार्ड बदललं, मॉनिटर बदलला. पिवळं तेवढंच राहिलं. बदलायचे राहिले ते तुमचे डोळे.

मला वाटतं हा मोतीबिंदू असेल, त्यात सगळं पिवळट दिसतं म्हणतात, पण मला वाटलं म्हणून मी काही डॉक्टर होत नाही. दुसरं काही असेल तर उशीर नको, एवढीच माझी भीती. कन्हानच्या आजोबांचं काय झालं ते मला ठाऊक आहे, तुम्ही कधी सांगितलं नाही तरी. मी याद्या पाठवत राहिले, त्याबद्दल माझ्यावर हवं तर रागवा. आईवर नको.

मी एक तारखेला पोचते. डोळ्यांच्या डॉक्टरांची तीन तारखेची वेळ घेतली आहे. नाही म्हणालात तरी येणार.

तुमची आणि तुमच्यासारखीच हट्टी,
काजल

हुडकेश्वर
२५ जानेवारी २०२५

चि. काजल,
आशीर्वाद. पत्र मीच वाचलं, भिंग लावून. दोन दिवस तुझा राग आला होता. आता नाही.

मला माहीत होतं. मागच्या दिवाळीत पणत्यांभोवती कडी दिसायला लागली तेव्हापासून. तुझ्या आजोबांना, बापूजींनाही आधी तशीच दिसायची. खाणीतल्या नोकरीतून सुटले, शाळेत भरलेल्या एका शिबिरात डोळा कापून घेतला, आणि त्या डोळ्यात पू झाला. दुसऱ्याला त्यांनी हातच लावू दिला नाही. चौदा वर्षं बाजेवर बसून होते. मी जवळ गेलो की आवाजावरून विचारायचे, कोण होय गा?

तुझ्या यादीतली एकेक वस्तू घेताना मनात एकच होतं, की एवढ्याने रंग ठीक झाले तर डॉक्टरकडे जायची गरज नाही. कॅबिनेटसुद्धा त्याच आशेवर घेतलं. विश्वनाथ पिवळं नाही म्हणाला तेव्हा मला सगळं कळलं होतं, तरी अल्बम छापायला दिला. मनोहररावांना मी फसवलं गं. मशीनचं नाव पुढे केलं.

मला भीती वाटते. साठीच्या माणसाने लेकीला असं लिहावं का, माहीत नाही. ये. फक्त दवाखान्यात हात धरून नेऊ नकोस, ओळखीचे लोक भेटतात.

बाबा

हुडकेश्वर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. काजल हिस,
बाबाचे आशीर्वाद. तुला जाऊन पंधरा दिवस झाले. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्यात थेंब वेळेवर घालतो, आईचा पहारा आहे. मोतीबिंदूच निघाला, तोही साधा, यावर तिचा अजून विश्वास बसत नाही. ती रोज देवाला नवीन काहीतरी कबूल करते. डाव्या डोळ्याची तारीख मी स्वतः जाऊन घेतली, दहा मार्च.

तोवर माझी गंमत चालली आहे. डाव्याने पाहिलं तर भिंत चहासारखी, उजव्याने पाहिलं तर चुन्यासारखी. तू गेल्यावर भैरवीचा अल्बम काढला. डावा डोळा उघडा ठेवून पाहिलं, हळद अगदी बरोबर. मग तो झाकून उजव्याने पाहिलं. यमुताई कमीच बोलल्या होत्या. मी रडलो. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हटलं होतं, त्यावरून आईची बोलणी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मनोहररावांकडे गेलो आणि मशीन चांगलं होतं, खोट माझ्या डोळ्यात होती आणि ते मला ठाऊक होतं, असं सगळ्यांसमोर सांगितलं. यमुताईंनी विचारलं की मंग आधी काहून नाही सांगितलं भाऊ, आम्ही काय परके होतो? अल्बम नव्याने करून देतो म्हणालो.

भैरवी माहेरी आली आहे. काल ती स्टुडिओत आली. मी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं की माझा अजून माझ्यावर भरवसा नाही, पट्टी मी सरकवतो, थांब तू म्हण. ती पडद्याकडे पाहत राहिली. बरोबर रंग आला तिथे मला दिसलं, खरंच दिसलं. ती म्हणाली, काका, अजून थोडी. मी दिली. पुन्हा म्हणाली, अजून. काजल, खरी हळद इतकी पिवळी नसते, हे आता माझ्याइतकं कुणाला कळतं? पण ती हसत होती. मी तेवढीच राहू दिली.

बाबा